शिरगणती

ग्युमरीच्या शाळेत अकरा कॉम्प्युटर आले,
ल्योंमधली कुठलीशी विमा कंपनी बुडाली, तिथले.
पाठीवर जुन्या मालकाचं लेबल,
पोटात काही नाही.
जाताना डिस्क पुसून घेतल्या होत्या त्यांनी,
भाड्याचं घर सोडताना ओटा पुसावा तशा.

सोबत एकच सीडी. एकच चकचकीत स्टिकर.
पंचवीस अक्षरांची किल्ली.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात;
इथे तलवार एक आणि म्यानं अकरा.

मी येरेवानहून आलेलो, रोजंदारीवर.
माझं हे नेहमीचंच.
पहिल्यावर सिस्टिम चढवली, दुसऱ्यावर चढवली,
तिसऱ्यावर ती अडून बसली.
फोन करा, म्हणाली, आणि हे आकडे वाचून दाखवा.

वार्दुही बाई तोवर करारनामा वाचत होत्या,
हातात लाल पेन्सिल, कुणाचा निबंध तपासावा तशी.
प्रत विकलेली नाही, फक्त वापरायला दिली आहे:
खाली रेघ.
एका वेळी एकाच यंत्रावर:
खाली दोन रेघा.
"आणि मदरबोर्ड बदलला तर?"
तर ते यंत्र नवं धरतात, मी म्हटलं.
त्या काही बोलल्या नाहीत. शेगडीत लाकूड सारलं.

फोन मी करते, म्हणाल्या, वर्ग माझा आहे.
मी समजावलं:
चोपन्न आकडे, सहा-सहाचे नऊ तुकडे.
मग ती विचारेल,
ही प्रत किती कॉम्प्युटरवर बसवली आहे?
तुम्ही म्हणायचं, एक.
एक म्हटलं की दार उघडतं.
सगळं जग एकच म्हणतं, बाई.

नऊ तुकडे त्यांनी पाढ्यासारखे वाचले.
मग मॉस्कोच्या त्या मुलीनं विचारलं.
खिडकीला काचेऐवजी लावलेलं प्लास्टिक
फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं.
मी एक बोट वर करून दाखवत होतो.
बाई बाकांकडे बघत होत्या.

"अकरा," म्हणाल्या.

पलीकडे बराच वेळ कुणी नव्हतं.
मग मुलगी हळूच बोलली, जणू तीच चुकली होती,
मग आणखी दहा परवाने लागतील.
तिनं सांगितलेली किंमत
शाळेच्या दोन हिवाळ्यांच्या लाकडांएवढी होती.

मी चिडलो. अर्धा दिवस फुकट.
बाईंनी मला चहा दिला, मग म्हणाल्या:
भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची.
मैदानात ब्लँकेटची रांग.
टेबलामागचा माणूस विचारायचा, घरात किती?
आई म्हणाली, सहा.
आम्ही चौघं उभे होतो.
सहा मिळाली. दोन तिनं कधी उलगडली नाहीत.
वसंतात परत द्यायला गेली,
तर टेबलच नव्हतं.

आई खोटं बोलली असं मला आजही म्हणवत नाही.
पण कुणी किती विचारलं
की आधी रांगेकडे बघते मी. एवढंच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं मग मीच काढलं.
खिशात पेनड्राइव्ह होता, त्यात फुकटातली सिस्टिम;
चालते, पण प्रिंटरशी पटत नाही तिचं,
म्हणून मी ती कधी सुचवत नाही.
दहा यंत्रांवर चढवायला रात्र झाली.
बाई तिचाही परवाना वाचत बसल्या, मोठ्यानं:
वाटेल तेवढ्या प्रती करा. शेजाऱ्याला द्या.
उघडून बघा. बदला.
लाल पेन्सिल कुठेच टेकली नाही.

मग शेवटचं कलम आलं, सगळं मोठ्या अक्षरांत:
कसलीही हमी नाही.
कोसळलं, हरवलं, काही झालं तरी
आम्ही जबाबदार नाही.

बाई थांबल्या. चष्मा काढला.
आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या,
इतक्या, की चौकीदार साहाक दारात येऊन उभा राहिला.

"बघ," मला म्हणाल्या, "हे तरी खरं लिहिलंय."